शिंपल्याला कान कुठे असतात?

प्रिय शंकासुरा,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे पत्र न फोडताच खणात टाकशील, असं तुझ्या आईचं म्हणणं आहे. माझं म्हणणं, फोडशील. जिने सहाव्या वर्षी घरातलं भिंतीवरचं घड्याळ आत काय असतं ते बघायला उघडलं, आणि जोडल्यावर तीन स्क्रू उरले तरी 'पण चालतंय ना, बाबा?' असं वर मलाच विचारलं, ती बंद पाकीट बंद ठेवेल हे मला पटत नाही. तेव्हापासून तू शंकासूर. प्रयोगशाळेत तुला सगळे मॅडम म्हणत असतील, म्हणोत.

गेल्या आठ महिन्यांत तू चार वेळा फोन केलास. चारही वेळा मी 'बरं, बरं, ठीक' एवढं म्हणून फोन आईच्या हातात दिला. चौथ्या वेळी तू तिला म्हणालीस, बाबांना सांग, एवढा राग असेल तर मी पुन्हा करणार नाही. तुझं ते वाक्य आईने मला कागदावर लिहून दाखवलं. का लिहून दाखवलं ते पुढे येईल. एवढंच आधी सांगतो, राग नव्हता. राग असता तर मी काय 'बरं, बरं' म्हणणारा माणूस आहे? मी रागावलो की खालच्या दोरखंडांच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा वर बघतं. हे तुला माहीत नसेल तर कुणाला माहीत असणार?

तर त्या दिवसापासून सुरुवात करतो. नव्या जेट्टीच्या पहिल्या टप्प्याची जनसुनावणी. दोन वर्षं झाली, पण मला खुर्च्यासुद्धा आठवतात. पुढे टेबलामागे तिघे अधिकारी, उजव्या हाताला आमच्या संघटनेचे दोनशे ऐंशी जण, डावीकडे कालवं-शिंपल्यांवर पोट असलेली पंचवीस-तीस घरं, आणि तिसऱ्या रांगेत कडेला तू, मांडीवर ते नळीत गुंडाळलेले कागद घेऊन. तुझी पाळी आली तेव्हा तू आलेख भिंतीवर लावलास. बारा शिंपले, प्रत्येकाच्या एका शिंपेवर नखाएवढं लोहचुंबक चिकटवलेलं, दुसरीवर ते ओळखणारी तार. शिंपला उघडला की रेघ वर, मिटला की खाली. सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी जुन्या धक्क्याच्या कामावरची, समुद्रात खांब ठोकायची हातोडी सुरू झाली आणि बाराच्या बारा रेघा एकदम जमिनीवर. तू म्हणालीस, मिटलेला शिंपला खात नाही, धड श्वास घेत नाही. तो दिवसभर दम धरून बसतो. मग हातोडी थांबली की भुकेने तोंड उघडतो आणि पाण्यात जे असेल ते घेतो, त्यात तळाच्या गाळातलं तांबं आणि शिसंही आलं.

आणि मग मी उठलो. अध्यक्ष म्हणून. हात वर केला, सभागृह शांत झालं, आणि मी म्हणालो, 'आमच्या वैज्ञानिक बाईंना एकच प्रश्न. शिंपल्याला कान कुठे असतात?' काय हशा झाला! दोनशे ऐंशी माणसं हसली की छत हलतं. बंदराचे मोठे साहेब डोळे पुसत होते. तू म्हणालीस, 'कान नसतात. तो अंगाने ऐकतो.' पण ते कुणी ऐकलं नाही, कारण तोवर मी पुढच्या वाक्यावर गेलो होतो. ते वाक्य आता इथे लिहितो, कारण ते सरकारी नोंदीत आहे आणि माझं आहे: 'चाळीस वर्षं मी ह्या पाण्यात आणि ह्या आवाजात काढली आहेत. नवी हातोडी जुनीच्या निम्म्यानेही वाजत नाही, हे माझे कान सांगतात. आलेखावर विश्वास ठेवायचा की कामगाराच्या कानांवर, ते साहेबांनी ठरवावं.' साहेबांनी ठरवलं. 'अनुभवी कामगाराची साक्ष' असा मथळा देऊन ती कागदपत्रांत लावली, आणि तुझा आलेख परिशिष्टात गेला. तू आलेख गुंडाळलास, आणि मी टाळ्या घेत होतो तेव्हा तिसऱ्या रांगेतून माझ्याकडे बघत हाताने एक खूण केलीस. त्या खुणेबद्दल मी आजवर कुणाशी बोललो नाही. तुझ्या आईशीसुद्धा नाही. त्या दुपारी तू घरी आलीस, बॅग भरलीस, ताटाला हात लावला नाहीस. मी म्हणालो, सभेतलं सभेत ठेवायचं असतं. तू म्हणालीस, तुमचं सगळं आयुष्यच सभा आहे, बाबा. दार आपटलं नाहीस. हळूच ओढून घेतलंस. आपटलं असतंस तर बरं झालं असतं.

मी विकलो गेलो होतो असं तुला वाटत असेल तर ते मनातून काढ. साहेबांच्या खोलीतला चहासुद्धा मी उभ्याने पितो. माझ्यामागे दोनशे ऐंशी चुली होत्या. पहिला टप्पा अडला असता तर निम्मी माणसं घरी बसली असती, आणि ती माणसं मला तोंडाने नव्हे, पोटाने ओळखतात. त्यांच्यासाठी उभं राहिल्याची लाज मला आजही नाही, उद्याही असणार नाही. लाज वेगळ्याच गोष्टीची आहे. संघटनेच्या कपाटात जगभरच्या क्रांत्यांचे इतिहास आहेत आणि ते सगळे मी वाचले आहेत, काही दोनदा. माझ्या मुलीचा बावीस पानांचा अहवाल मी वाचला नव्हता. न वाचता हसलो. ज्या माणसाने आयुष्यभर साहेबलोकांना 'आमचं निवेदन आधी वाचा' म्हणून सुनावलं, त्याने हे करावं!

बघ, लगेच भाषण सुरू झालं. आई समोर बसून टेबलावर बोटं आपटते आहे, म्हणजे आता मुद्द्यावर या.

चार महिन्यांपूर्वी हेडमास्तर आजारी पडले. तू गेल्यानंतर बार्जवरच्या पोरांनी हातोडीचं हे नाव ठेवलं, कारण ती सुरू झाली की सगळा वर्ग गप्प. तिचा मोठा दांडा तडकला, सुटा भाग यायला तीन आठवडे लागले, आणि काम ठप्प. त्या रिकाम्या दिवसांत कालववाली काकू आपल्या कचेरीचा जिना चढून आली. तुला लहानपणी शिंपा गोळा करून द्यायची, तीच. वय झालं, गुडघे धरून चढते, पण जीभ अजून पंचविशीतली आहे. तिने हातातली बादली माझ्या टेबलावर, ताज्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर उलटी केली. शिंपलेच शिंपले. पत्रकं भिजली, शाई पसरली. मी ओरडणार तेवढ्यात ती माझ्या अगदी तोंडासमोर येऊन म्हणाली, 'भाषणं पुरे, दादा. हे दोरावरून ओढून काढलेले नाहीत. आपोआप गळाले आहेत.' तुला सांगायला नको, निरोगी शिंपला आपल्या धाग्यांनी दोराला असा चिकटतो की पिळून, सुरीने कापून काढावा लागतो. काकूने एकाचे धागे मला दाखवले, चार-दोन, कुजलेल्या सुतासारखे. 'तुमच्या बंदराच्या कागदात माझं पाणी एकदम स्वच्छ. मग हे काय लाजून दोर सोडतायत?' असं विचारून ती खुर्चीत बसली आणि उठेचना. शेवटी मी म्हणालो, चल, दाखव.

आम्ही गेलो तो नेमका हातोडी पुन्हा सुरू व्हायचा दिवस होता. तिची होडी, तिचे दोर. बार्ज खाडीच्या वळणापाशी, डोळ्यांना दिसेल पण हाक पोचणार नाही एवढ्या अंतरावर. पाणी तीन आठवडे न ढवळलेलं, म्हणून हातभर खोल सगळं स्पष्ट दिसत होतं. तिने एक दोर वर ओढून पृष्ठभागाखाली धरला. पोरी, इतकी वर्षं पाण्याखाली काढली, पण असं निवांतपणे कधी बघितलं नव्हतं. सगळे उघडे. शिंपांच्या कडांना ती नारिंगी झालर, हळूच हलणारी. सुट्टीच्या दिवशी दारं उघडी टाकून बसलेल्या वस्तीसारखे. मी तुझ्या अहवालातला तो 'उघडझाप' शब्द आठवत होतो. हो, आता वाचला होता, काकू जिना उतरल्यावर त्याच दुपारी, भिजलेल्या टेबलावर बसून. मी काकूला विचारलं, 'किती वाजता सुरू करणार आहेत ते?' आणि माझं वाक्य संपायच्या आत झालर आत गेली. पूर्ण दोर मिटला. खालचे, वरचे, चिमुकलेसुद्धा. मी म्हणालो, 'काय गं, आपली सावली पडली का?' काकू आधी बार्जकडे बघत होती, मग माझ्याकडे बघायला लागली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. नवरा गेल्याची बातमी आली होती त्या दिवशीही ती अशी दिसली नव्हती. तिचे ओठ हलले, सावकाश, एकेक शब्द तोडून: 'दादा, पाचवा ठोका चालू आहे.'

मी बार्जकडे पाहिलं. हातोडी वर जात होती, खाली येत होती. चित्रासारखी. वारा होता, म्हणून असेल, असं मी स्वतःला म्हणालो. मग बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. तळहाताला ठोका लागला. थांबला. पुन्हा लागला. ज्या आवाजाची मी सरकारदरबारी साक्ष दिली होती, तो माझ्या हाताला कळत होता, शिंपल्यांच्या अंगाला कळत होता, काकूच्या कानांना कळत होता. फक्त मला कळत नव्हता. हातोडी निम्म्यावर आली नव्हती. मी निम्म्यावर आलो होतो. निम्म्याच्याही खाली.

आता तुला त्या चार फोनांचा अर्थ लागला असेल. तू बोलत होतीस आणि मला भुंग्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं, कधी तेही नाही. आवाजाची पट्टी वर गेली की प्रश्न आहे असं धरायचं आणि 'बरं' म्हणायचं, खाली गेली की 'ठीक'. कधीपासून हे करत होतो? सभेत व्यासपीठावर बसलं की ऐकावं लागत नाही, बोलावं लागतं. अध्यक्षाला बहिरेपण लपवायला त्याहून चांगली जागा जगात नाही. माझ्यासारख्यांनी अशा किती जागा भरलेल्या असतील, ह्याचा विचार कर. घरी दूरदर्शनच्या आवाजावरून शेजारी भिंत ठोकायचे, मी तेसुद्धा ऐकायचो नाही, आई धावत जाऊन बटण पिरगळायची. तिला सगळं माहीत होतं. एकदा तिने विषय काढला तेव्हा मी म्हणालो, तू हल्ली पुटपुटतेस. पस्तीस वर्षं माझ्यापेक्षा चढ्या आवाजात भांडलेल्या बाईला मी म्हणालो, पुटपुटतेस!

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बराच वेळ बटण हातात घेऊन बसलो होतो, वाटलं अजून सुरू व्हायचं आहे. बाहेर आलो तर बाईंचा कागद तयार. डावीकडून उजवीकडे जाणारी रेघ, थोडी सरळ, आणि मग कडा कोसळावा तशी खाली. मी घरी आलो, सुनावणीच्या फाईलमधून तुझा परिशिष्टातला आलेख काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. वेगळं काही लिहायला नको. एकाच हातोडीने काढलेली दोन चित्रं आहेत ती.

इथवर असतं तर मी कानाला यंत्र लावून गप्प बसलोही असतो. पण तू मला शंका घ्यायची सवय लावलीस, आणि म्हातारपणी जडलेली सवय सुटत नाही. शिंपले जर हातोडीच्या वेळी मिटत असतील, तर बंदराच्या कागदात ते स्वच्छ कसे, हे मला खटकत होतं. तपासणीखात्यातला तो पोऱ्या आठवतो? पोऱ्या कसला, आता डोक्याला टक्कल आहे, सगळे त्याला बाटल्या म्हणतात, कारण बाटल्यांच्या पेटीशिवाय तो दिसत नाही. सरळ माणूस. त्याला बोलावलं, त्याची पाच वर्षांची नमुन्यांची वही मागितली, आणि शेजारी बार्जवरची हातोडीची रोजनिशी ठेवली. तू असतीस तर पाच मिनिटांत बघितलं असतंस, मला अख्खी दुपार लागली. पाच वर्षांत एकही नमुना असा नाही जो हातोडी बंद असताना घेतलेला आहे. एकही नाही! बाटल्या म्हणाला, म्हणजे वहीवर लिहून म्हणाला, 'दादा, जायचं कसं? लॉन्चबोट फक्त काम चालू असलं की सुटते. काम बंद, लॉन्च बंद.' म्हणजे ज्या आठवड्यांत शिंपले दम धरून मिटलेले, तोंडात काही घेत नाहीत, तेवढेच आठवडे तपासले गेले. आणि हातोडी थांबल्यावर ढवळलेल्या गाळात उपाशी तोंडं उघडतात, तेव्हा तपासायला कुणी नाही. कुणी चोरी केली नाही, कुणी आकडा खोडला नाही. फक्त सोय बघितली.

आणि ही सोय कुणाची? घट्ट बस. माझी. पाच वर्षांपूर्वी करारात कलम घालून घेतलं ते मी: तपासणीवाल्यांनी बाहेरची बोट आणायची नाही, आमच्याच लॉन्चने, आमच्याच पाळीत जायचं. आमच्या दोन माणसांना कायमचं काम मिळालं. त्या कलमासाठी मी सव्वा तास भाषण केलं होतं आणि लोकांनी मला खांद्यावर घेतलं होतं.

काकूने हातोडी बंद असतानाच्या तिसऱ्या आठवड्यातली शिंपल्यांची एक पिशवी बर्फपेटीत ठेवली होती. बाटल्याने ती स्वतःहून, वरिष्ठांना न विचारता तपासली. तांबं नेहमीच्या तिप्पट. शिसं तर खाण्याच्या मर्यादेपलीकडे. साहेब म्हणाले, एकच नमुना आहे, काहीतरी चूक झाली असेल. मी विचारलं, मग हातोडी बंद ठेवून दुसरा घेऊ? ते म्हणाले, लॉन्च कुठाय? आणि हसले. काकू मात्र हसली नाही. तिने त्या दिवसापासून विक्री बंद केली आहे. तिला कुणी सांगितलं नव्हतं, बंदीचा कागद आलेला नव्हता. बाजारात तिची जागा रिकामी असते, आणि ती त्या रिकाम्या जागेमागे बसून राहते. कोणी विचारलं की सांगते, का विकत नाही ते. ह्याला म्हणतात भाषण.

आणि ते तांबं आलं कुठून, हेही तुझ्या अहवालात आहे, पान सोळा: जुन्या गोदीखालचा गाळ. त्या पानावर मी थांबलो. पाणबुड्या व्हायच्या आधी, एकोणिसाव्या वर्षी, मी त्या गोदीत जहाजांचे तळ खरवडायचो. तांब्या-शिशाचा लाल रंग, शेवाळ मारायचा, विषारी. संध्याकाळी माझ्या नखांत, पापण्यांत, थुंकीत तो लाल रंग असायचा, आणि खरवडलेला ढीग आम्ही फावड्याने पाण्यात लोटायचो. असाच नियम होता, मुकादम म्हणायचा, समुद्र मोठा आहे. समुद्र मोठा आहे, पण त्याने काही विसरायचं असतं असं कुठे लिहिलंय? ते सगळं तिथेच होतं, चाळीस-पंचेचाळीस वर्षं झोपलेलं. आता खांब ठोकून आपण त्याला उठवतो आहोत.

दुसऱ्या टप्प्याची सुनावणी पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला आहे. मी कार्यकारिणीसमोर सगळं ठेवलं. खजिनदार म्हणाले, दादा, तब्येत सांभाळा. कुणी म्हणालं, मुलीने फिरवलं. मी म्हणालो, हो, फिरवलं, दोन वर्षं उशिरा फिरलो ही माझी चूक! मग मी एक गोष्ट केली. बार्जवरच्या चौदा जणांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, स्वतः दाराशी उभा राहिलो. चौदापैकी अकरा जणांचे कागद माझ्याच कागदासारखे निघाले. सगळ्यांना आपापलं माहीत होतं! कुणी बोललं नव्हतं, कारण कान गेले असं कळलं की बार्जवरून काढतात. अकरा माणसं एकाच पत्र्यावर उभी राहून एकमेकांपासून तेच लपवत होती, आणि त्यांचा अध्यक्षही. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बार्जवरच्या फिटरने माझ्या खांद्याला हात लावला आणि मोठ्याने, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं ओरडला, 'दादा, शिंपल्याला कान कुठे असतात?' आम्ही बारा जण एवढे हसलो की डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तीन जण हसता हसता रडत होते, त्यांतला एक मी.

तेव्हा आता ऐक माझी भूमिका. काम बंद करा असं मी म्हणणार नाही. काम आमचं आहे. हातोडीभोवती बुडबुड्यांचा पडदा लावा, आवाज पाण्यात निम्मा मरतो, हे तूच लिहिलं आहेस. शिंपल्यांच्या विणीच्या आठवड्यांत हातोडी बंद ठेवा, पगार चालू ठेवा. गोदीचा गाळ आधी उपसा, खांब नंतर. तपासणीला स्वतंत्र बोट, कोणत्याही दिवशी, न सांगता, आणि ते कलम मी माझ्या हाताने खोडीन. आणि प्रत्येक कामगाराच्या कानांची तपासणी, नोकरीवर गदा न आणता. साहेब म्हणतील, एवढं परवडणार नाही. मग त्यांनी सांगावं, आमचे कान आणि काकूचे दोर त्यांना कोणत्या भावात परवडत होते! कालवंवाले एका बाजूला आणि कामगार दुसऱ्या बाजूला अशा खुर्च्या पुन्हा मांडू देणार नाही. एकाच हातोडीखाली आहोत आम्ही. कार्यकारिणीने मला अध्यक्षपदावरून काढलं तर काढू दे, दोन अधिक दोन चार म्हणायला पद लागत नाही.

आता ती खूण. तू आठ वर्षांची असताना जेवणाच्या टेबलावर मी तुला पाणबुड्यांच्या खुणा शिकवल्या होत्या. अंगठा वर, म्हणजे वर ये. अंगठा-बोटाचं वर्तुळ, म्हणजे मी ठीक. आडवा पंजा दोन्हीकडे हलवायचा, म्हणजे बिघाड, आणि मग बोट दाखवायचं, कुठे बिघाड ते. आई रागवायला लागली की आपण दोघं टेबलावरून एकमेकांना 'हवा संपत आली' अशी खूण करायचो. त्या सुनावणीत, मी माझ्या कानांची ग्वाही देत असताना, तिसऱ्या रांगेतून तू पंजा हलवलास आणि बोट कानाला लावलंस. तुला तेव्हाच माहीत होतं. सगळ्या सभागृहात एकटीला. तू मला खोटं पाडत नव्हतीस, वाचवत होतीस, चारशे लोकांत कुणालाही कळणार नाही अशा भाषेत. आणि शंकासुरा, मला ती खूण कळली होती. कळली नाही असं मी दोन वर्षं स्वतःला सांगितलं, पण ती मीच शिकवलेली आहे, ती मला कशी कळणार नाही? मी ती वाचली, आणि तोंड टाळ्यांच्या बाजूला फिरवलं. हे सांगायला हे पत्र लिहिलं. फोनवर सांगितलं असतं तर तू काय म्हणालीस ते मला कळलं नसतं. आणि एक मागणं आहे. दहा तारखेला मी उभा राहून माझी साक्ष मागे घेणार आहे, माझा कागद तुझ्या आलेखाशेजारी भिंतीवर लावणार आहे. बोलायला मला कुणी लागत नाही. पण त्यांचे वकील प्रश्न विचारतील, आणि ते मला ऐकू येणार नाहीत. यंत्राने खोलीतलं भागतं, सभागृहात नुसता कल्लोळ होतो. आई प्रश्न लिहून देईन म्हणते, पण तिचं अक्षर तुला माहीत आहे. तू आली नाहीस तरी मी बोलणारच, मागे हटणारा मी नाही. आलीस तर तिसऱ्या रांगेत, कडेच्या त्याच खुर्चीवर बस. प्रश्न हातांनी सांग. आणि मी कुठे चुकायला लागलो, टाळ्यांकडे वळायला लागलो, तर पंजा हलव. ह्या वेळी मी तुझ्याकडेच बघत असेन.

तुझाच, आता अंगाने ऐकायला शिकणारा,
बाबा